पन्नास वर्षे एकाच माइकसमोर कशी निघतात?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण गेली तीन वर्षे एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी दर आठवड्याला एक मुलाखत घेता, सुमारे 140 भाग झाले आहेत, आणि आता पाहुणे बदलले तरी उत्तरे तीच येतात असे आपल्याला जाणवू लागले आहे. त्याच सुमारास आपण अमेरिकेतील ‘फ्रेश एअर’ या रेडिओवरील मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या निवेदिका टेरी ग्रोस यांच्या जुन्या मुलाखती ऐकू लागलात. 1975 पासून तेच काम करत एखादी व्यक्ती ताजी कशी राहू शकते, ही आवाजाची देणगी, प्रश्नांचे कसब की संस्थेचे पाठबळ, आणि एकट्याने काम करणाऱ्याने त्यातून नेमके काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी सव्वीस वर्षे रेडिओसाठी मुलाखती घेतल्या, त्यांतली पहिली चार वर्षे बऱ्यापैकी वाईट घेतल्या, आणि हल्ली नव्या मुलाखतकारांसोबत बसून त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकतो. ग्रोस यांच्याशी माझी ओळख नाही. मी त्यांचे काम श्रोता म्हणून आणि याच धंद्यातला माणूस म्हणून ऐकत आलो आहे, त्यामुळे पुढे त्यांच्याविषयी जी माहिती येईल ती सर्वांना ठाऊक असलेली आहे, आणि तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र माझे आहेत.

आपण प्रश्न दीर्घ कारकिर्दीचा म्हणून मांडला आहे, पण आपली अडचण नीट पाहिली तर ती जरा वेगळी निघते. उत्तरे तीच येत असतील तर बहुतेक वेळा प्रश्न तेच गेलेले असतात, आणि प्रश्न तेच जात असतील तर पाहुणा स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीच मुलाखतकाराचे कुतूहल आटलेले असते. पाहुणा मिळवणे, वेळ जुळवणे, तो ऐनवेळी रद्द झाला तर दुसरा शोधणे, ध्वनिमुद्रण कापणे, भाग वेळेवर चढवणे, या धावपळीतच आठवडा संपतो आणि प्रत्यक्ष माणसाविषयी जाणून घेण्याची इच्छा शेवटच्या तासाच्या वाट्याला येते. ज्यांनी या कामात तीस-चाळीस वर्षे काढली त्यांनी बाकी सगळे शक्य तितके ठराविक करून टाकले आणि रोजचे कुतूहल तेवढे शिल्लक राहील अशी व्यवस्था लावून घेतली, असे माझे मत झाले आहे. मात्र अशी व्यवस्था कोणाला कितपत लावता येईल हे परिस्थितीवर अवलंबून असते, म्हणून आधी तिचे पाहू.

ग्रोस यांच्या कारकिर्दीला अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओची विशिष्ट रचना लाभली. 1967 च्या कायद्याने तेथे सार्वजनिक प्रसारणाला केंद्रीय निधी मिळण्याची वाट तयार झाली आणि 1970 मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, ही संस्था स्थापन झाली. ‘फ्रेश एअर’ची निर्मिती फिलाडेल्फियातील डब्ल्यूएचवायवाय हे केंद्र करते, एनपीआर त्याचे वितरण करते, देशभरातील केंद्रे शुल्क भरून तो घेतात, आणि त्या केंद्रांचा बराचसा खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून आणि प्रायोजकांकडून भागतो. मुलाखतकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दर चार-पाच मिनिटांनी जाहिरातीसाठी बोलणे तोडावे लागत नाही, आणि ज्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही अशा इतिहासकाराला किंवा वादकाला अर्धा-पाऊण तास देता येतो. शिवाय त्यांच्यामागे निर्मात्यांचा पक्का गट आहे. डॅनी मिलर हे 1978 मध्ये त्या कार्यक्रमात उमेदवारी करायला आले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ त्याच कार्यक्रमाची निर्मिती सांभाळत राहिले. दीर्घ कारकीर्द एका नावावर जमा होते, पण हिशेब मांडला तर ती तीन-चार माणसांनी मिळून केलेली असते. अर्थात ही रचनाही कायमची नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी पुढील दोन वर्षांकरिता मंजूर केलेला 1.1 अब्ज डॉलरचा निधी रद्द केला, आणि तो वाटणाऱ्या महामंडळाने त्यानंतर काही दिवसांतच कामकाज गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ग्रोस यांची ‘पन्नास वर्षे’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर देशभर ऐकला जाणारा रोजचा कार्यक्रम असतो. प्रत्यक्षात त्यांनी आधी शाळेत शिकवून पाहिले, ते काही आठवड्यांतच सुटले, आणि 1973 मध्ये बफेलो येथील विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएफओ केंद्रावर त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवरील कार्यक्रमातून सुरुवात केली. 1975 मध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या तेव्हा ‘फ्रेश एअर’ हा एका शहरापुरता, दुपारचा, थेट प्रसारित होणारा कार्यक्रम होता. त्याची राष्ट्रीय साप्ताहिक आवृत्ती 1985 मध्ये सुरू झाली आणि रोजची राष्ट्रीय आवृत्ती 1987 मध्ये. म्हणजे देशाचे कान लागण्यापूर्वी बारा वर्षे त्यांना एका शहरापुरते चुकता आले. आपल्या तीन वर्षांकडे आपण ज्या उतावळेपणाने पाहत आहात त्याला माझे हे पहिले उत्तर आहे: आपण अजून त्या बारा वर्षांच्या पहिल्या चौथाईत आहात, आणि आपले केंद्र लहान आहे ही या टप्प्यावर सोयीचीच गोष्ट आहे.

आवाजाविषयी फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही, पण एक उदाहरण सांगायलाच हवे. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएएमयू केंद्रावर डायन रीम 1973 मध्ये स्वयंसेवक म्हणून आल्या, 1979 मध्ये मुलाखतींचा कार्यक्रम त्यांच्याकडे आला, आणि 1998 मध्ये त्यांना स्वरयंत्राच्या स्नायूंना झटके येण्याचा विकार असल्याचे निदान झाले. शब्द थरथरत, अडखळत, ताणल्यासारखे बाहेर पडत. स्वरतंतूंमध्ये ठरावीक काळाने इंजेक्शन घेत त्यांनी त्यानंतर आणखी अठरा वर्षे, 2016 च्या अखेरीपर्यंत, तोच कार्यक्रम रोज थेट चालवला, आणि देशभरातील श्रोते तो ऐकत राहिले. त्या संथ आवाजामुळे पाहुण्यांनाही घाई करता येत नसे, असे मला त्यांचे कार्यक्रम ऐकताना अनेकदा वाटले आहे. तेव्हा आवाजाच्या चिंतेने आपण खर्चीक माइक घेण्याच्या विचारात असाल तर तूर्त तो बाजूला ठेवावा.

आता तयारी. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. ग्रोस पाहुण्याचे पुस्तक पानांचे कोपरे दुमडत, समासात खुणा करत वाचतात, चित्रपट पाहतात, संगीत ऐकतात, आणि त्यांच्या संध्याकाळी मुख्यतः याच कामात जातात, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. 2015 पर्यंतच त्यांच्या मुलाखतींची संख्या सुमारे 13,000 झाली होती. हा आकडा ऐकून लोक त्यांच्या धीराचे कौतुक करतात. मला त्यामागे रोज संध्याकाळी चालणारे वाचन दिसते. आपण मुलाखतींच्या संख्येवर लक्ष केंद्रित केले आहे, पण मुलाखतकाराचा खरा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो.

मी काय करतो ते सांगतो. एक कागद घेऊन त्याची चौघडी घालतो. पहिल्या घडीत पाहुण्याने आधीच्या मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगितलेले किस्से लिहितो. हे किस्से मी त्याला विचारत नाही. प्रास्ताविकात दोन वाक्यांत मीच सांगून टाकतो. यामुळे श्रोत्याला माहिती मिळते, पाहुण्याची शिळी गोष्ट संपते आणि पहिल्याच प्रश्नाला त्याला नव्या जागेवर उभे राहावे लागते. दुसऱ्या घडीत त्याच्या आयुष्यातली रिकामी वर्षे लिहितो, म्हणजे ज्या वर्षांविषयी कुठेच काही सापडत नाही ती. तिसऱ्या घडीत तो सतत वापरतो असे शब्द लिहितो. चौथी घडी कोरी असते आणि ती मुलाखत चालू असताना भरायची असते. ज्या दिवशी चौथी घडी कोरीच राहिली त्या दिवशी मुलाखत वाईट झाली, असा माझा अनुभव आहे.

ही चौथी घडी मी कशामुळे ठेवू लागलो तेही सांगतो. माझ्या दुसऱ्या वर्षी एक ज्येष्ठ अभिनेते आले होते. मी 42 प्रश्न काढले होते, क्रमांक घालून. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात ते सहज म्हणाले, “मधली दोन वर्षं मी काम घेतलंच नाही, घरी बसून घड्याळं दुरुस्त करत होतो.” आणि मी म्हणालो, “वा! आता आपल्या पुरस्कारांकडे वळू या.” त्या क्षणी मला काहीही वावगे वाटले नाही, कारण पाचवा प्रश्न पुरस्कारांचा होता. दुसऱ्या दिवशी आमच्या निर्मात्या बाईंनी मला संपादनकक्षात बसवून तेवढाच तुकडा पाच वेळा ऐकवला. माझे ‘वा’ आणि त्यांच्या वाक्याचा शेवट यांच्यात श्वास घेण्याइतकेही अंतर नव्हते. घड्याळे का, कोणाची, दोन वर्षांनी ती ठेवून पुन्हा नाटकाकडे कसे वळलात, यांतले काहीच मी विचारले नव्हते, आणि ते गृहस्थ पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत. भरपूर तयारी केल्याने माझे कान बंद झाले होते. तयारी विसरता यावी इतकी ती मुरलेली असली पाहिजे, आणि त्यासाठी प्रश्नांपेक्षा माणूस वाचलेला असावा लागतो.

प्रश्नांच्या आकाराबद्दल माझा ग्रोस यांच्याशी थोडा मतभेद आहे. 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना त्यांनी सांगितले की अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करायला ‘स्वतःविषयी सांगा’ एवढे पुरे आहे, कारण त्यातून समोरच्याला हवे तिथून सुरू करता येते आणि आपण आधीच काही गृहीत धरले आहे असे होत नाही. गप्पांपुरते हे मला पटते. परंतु ज्याला रोज बोलण्याची सवय नाही अशा पाहुण्याला रेडिओवर एवढे मोठे अंगण दिले की तो कोपऱ्यात उभा राहतो. निवृत्त झालेल्या एका रेल्वे गार्डांना मी ‘नोकरीतला अविस्मरणीय प्रसंग’ विचारला तेव्हा त्यांनी सन्मानचिन्हाची हकिगत सांगितली, तीही वाचून दाखवल्यासारखी. मग मी विचारले की गाडी फलाटाला लागली की आपली नजर आधी कुठे जाते. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “उतरून जो जागीच उभा राहतो त्याच्याकडे. बाकी सगळ्यांना कुठं जायचं ते माहीत असतं.” पुढची वीस मिनिटे मला कागदाकडे पाहावे लागले नाही. डोळे, हात, वेळ, जागा यांना धरून विचारलेल्या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर कोणाकडेच नसते.

दुसरी मोठी गोष्ट आहे पाहुण्याशी होणाऱ्या कराराची. ग्रोस ध्वनिमुद्रणापूर्वी पाहुण्याला सांगतात की एखादा प्रश्न फारच खासगी वाटला तर तसे म्हणा, मी पुढे जाईन. आणि उत्तर मध्येच फसले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. हे शक्य होते कारण त्यांचा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून संपादित केला जातो. नवख्यांना वाटते की अशी मुभा दिली की पाहुणा प्रत्येक अडचणीचा प्रश्न टाळेल. माझा अनुभव नेमका उलटा आहे. “नको वाटलं तर सांगा, वाक्य चुकलं तर परत बोला, मी कापीन,” एवढे मी गेली वीस वर्षे प्रत्येकाला सांगत आलो आहे आणि ‘नको’ म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. दार उघडे आहे हे दिसले की माणूस दाराकडे पाहत बसत नाही. मात्र ही सवलत सत्तेवर असलेल्यांना देऊ नये. ग्रोस राजकारण्यांना ती देत नाहीत आणि मीही देत नाही, कारण त्यांनी काय टाळले हे श्रोत्याला कळणे हाच त्या मुलाखतीचा भाग असतो. तसेच मुलाखत संपल्यावर ‘ते वाक्य काढा’ असा फोन आला तर काय करायचे, हे ध्वनिमुद्रणाच्या आधीच पाहुण्याशी ठरवून घ्यावे. नंतर ठरवायला गेलात की तेथे ओळखपाळख मध्ये येते.

ग्रोस यांच्या पद्धतीतली एक बाब पुष्कळांना विचित्र वाटते: त्यांच्या बहुतेक पाहुण्यांना त्या प्रत्यक्ष पाहतच नाहीत. पाहुणा दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत असतो, ग्रोस फिलाडेल्फियात, आणि मध्ये उत्तम दर्जाची ध्वनिवाहिनी. नजरानजर नसल्याने त्यांना टिपणे निवांत पाहता येतात, चेहऱ्यावरच्या नाराजीने प्रश्न बोथट होत नाही, आणि पाहुण्याला हेडफोनमध्ये फक्त एक आवाज ऐकू येतो. आपल्याला दूरच्या पाहुण्यांशी फोनवर बोलावे लागते म्हणून आपण हळहळला आहात. ती हळहळ अनाठायी आहे, फक्त ध्वनीची गुणवत्ता सांभाळा: पाहुण्याला त्याच्याच बाजूला मोबाइलवर वेगळे ध्वनिमुद्रण करायला सांगा आणि नंतर दोन्ही जुळवा. खोलीतला पंखा बंद करायला सांगण्यात संकोच करू नका.

पाठपुराव्याच्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून जून 2014 मधील हिलरी क्लिंटन यांची मुलाखत अवश्य ऐका. समलिंगी विवाहाविषयी आपले मत बदलले, की मत आधीपासूनच होते आणि राजकीय वातावरण बदलल्यावर ते बोलता आले, एवढाच ग्रोस यांचा प्रश्न होता. उत्तर निसटत गेले तसा तोच प्रश्न त्या निरनिराळ्या शब्दांत परत विचारत राहिल्या आणि शेवटी क्लिंटन स्पष्टपणे चिडल्या. आवाज मात्र ग्रोस यांनी एकदाही चढवला नाही. मला शिकण्यासारखे वाटते ते हे की प्रत्येक वेळी त्या म्हणत होत्या, मला नीट समजून घ्यायचे आहे. आणि ते खरे होते म्हणूनच प्रश्न टिकला.

दीर्घ कारकिर्दीत फसलेल्या मुलाखती असणारच आणि त्या जाहीरपणे फसतात. 2002 मध्ये ‘किस’ या वाद्यवृंदाचे जीन सिमन्स यांनी जवळजवळ सबंध मुलाखतभर ग्रोस यांच्याशी अश्लाघ्य वर्तन केले. ग्रोस यांनी त्याला तिथल्या तिथे, थंडपणे उत्तर दिले आणि मुलाखत पुढे नेली. 2003 मध्ये दूरचित्रवाणीवरील भाष्यकार बिल ओरायली मुलाखत अर्धवट सोडून गेले. ते गेल्यानंतर ग्रोस यांनी त्यांच्यावरील टीकेचा एक उतारा श्रोत्यांना वाचून दाखवला. एनपीआरच्या लोकपालाने, म्हणजे श्रोत्यांच्या तक्रारींची दखल घेणाऱ्या संस्थेतल्याच अधिकाऱ्याने, याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली, कारण रिकाम्या खुर्चीवर केलेल्या टीकेला उत्तर देता येत नाही. मला लोकपालाचे म्हणणे पटते. पण त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की असे सांगणारा माणूस त्या संस्थेतच होता, त्याने ते लिहिले, आणि ग्रोस त्यानंतरही त्याच खुर्चीत राहिल्या. चूक दाखवणारे कोणी नसलेला मुलाखतकार पाचव्या-सहाव्या वर्षी स्वतःच्याच लकबींत अडकतो. आपल्याकडे लोकपाल नसेल, पण महिन्याला एक भाग मन लावून ऐकणारा आणि मुलाहिजा न ठेवणारा एखादा मित्र असू शकतो.

इथपर्यंतच्या गोष्टी, म्हणजे संस्था, तयारी, करार आणि चूक दाखवणारा माणूस, मुलाखतकाराच्या भोवतीच्या आहेत. त्याच्या स्वतःविषयीही थोडे लिहायला हवे. ग्रोस स्वतःबद्दल फार कमी बोलतात. वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यालाही त्यांच्या घराविषयी मोजकेच ठाऊक असते. म्हणूनच 2025 मध्ये त्यांचे पती, जाझ-समीक्षक फ्रान्सिस डेव्हिस यांच्या निधनानंतर त्यांनी त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम केला तेव्हा तो एवढा जड वाटला. नवे मुलाखतकार ‘मलाही अगदी असाच अनुभव आला’ असे म्हणत प्रत्येक उत्तरावर स्वतःची चिठ्ठी चिकटवतात. त्यांना वाटते त्याने जवळीक वाढते, पण पाहुणा त्या क्षणी श्रोता होऊन बसतो. आपण पाठवलेल्या दोन भागांपैकी दुसऱ्यात हे सहा वेळा झाले आहे, हे आपण विचारलेत म्हणूनच सांगतो.

एकच काम दीर्घकाळ करण्याचा एक लाभ मात्र दुसऱ्या कशानेच मिळत नाही. तोच पाहुणा पुन्हा येतो. बालसाहित्यकार व चित्रकार मॉरिस सेंडक यांच्याशी ग्रोस अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बोलल्या होत्या. सप्टेंबर 2011 मध्ये ते 83 वर्षांचे असताना फोनवर झालेली शेवटची मुलाखत, मृत्यू आणि गेलेल्या मित्रांविषयी, इतकी मोकळी का झाली याचे कारण त्या दिवसाच्या प्रश्नांत शोधून सापडणार नाही. ते आधीच्या पंचवीस वर्षांत आहे. पुढच्या मे महिन्यात सेंडक गेले. तेव्हा आपल्या 140 पाहुण्यांपैकी दहा जणांना पुन्हा बोलावण्यात कमीपणा मानू नका. पहिल्या वर्षी जे विचारायचे धाडस झाले नव्हते ते आता विचारता येईल.

साच्याबद्दल थोडक्यात. बीबीसीवर रॉय प्लमली यांनी ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ 29 जानेवारी 1942 रोजी सुरू केला आणि 1985 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवला. निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका, एक पुस्तक, एक चैनीची वस्तू, एवढाच सांगाडा. तो इतका पक्का निघाला की त्यांच्यानंतर चार निवेदकांनी तो पुढे नेला. आपल्या कार्यक्रमाला असा छोटा ठरलेला सांगाडा असेल तर सुरुवात आणि शेवट यांची चिंता मिटते. मात्र तो गमतीखातर घेतलेला ‘झटपट पाच प्रश्नां’चा खेळ नसावा, त्याने माणूस उलगडत नाही, फक्त वेळ भरतो.

आता आपण विचारलेल्या व्यावहारिक भागाकडे येतो. आठवड्याला एक मुलाखत एकट्याने करणे थांबवा आणि पंधरवड्याला एक करा. केंद्राची हरकत असेल तर मधल्या आठवड्यात जुन्या मुलाखतीचा पुन्हा संपादित केलेला भाग द्या. ‘फ्रेश एअर’मध्येही जुन्या मुलाखती नियमितपणे पुन्हा ऐकवल्या जातात आणि 2023 पासून तर टोन्या मोझली सहनिवेदक म्हणून कामाचा भार वाटून घेत आहेत. आपल्याला दुसरा निवेदक परवडणार नाही, पण पाहुण्यांचे फोन आणि वेळा सांभाळणारा एक विद्यार्थी मिळू शकेल, आणि माझ्या मते माइकच्या आधी हाच खर्च करण्याजोगा आहे. जेवढी मुलाखत प्रसारित करायची त्याच्या साधारण दुप्पट ध्वनिमुद्रित करा, त्याहून जास्त नको. अठ्ठावीस मिनिटांसाठी मी पंचावन्न मिनिटे घेतो, कारण त्यापुढे पाहुणाही थकतो आणि कापणाराही.

महिन्यातून एकदा आपलीच एक मुलाखत शब्दशः कागदावर उतरवून काढा आणि आपण बोललेल्या ओळींखाली रेघ मारा. हे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपवू नका, कारण लिहिताना हात जिथे अडतो तिथेच प्रश्न लांबलेला असतो. पहिल्यांदा केले तेव्हा माझ्या रेघा जवळजवळ निम्म्या कागदावर होत्या.

नोकरी सोडून पूर्णवेळ या कामात यावे का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, कारण ते आपल्या घरखर्चावर आणि केंद्राच्या स्थैर्यावर अवलंबून आहे. मात्र एक काम आजपासून करा. कापण्याआधीचे मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर स्टड्स टर्केल यांनी 1952 ते 1997 अशी पंचेचाळीस वर्षे मुलाखती घेतल्या. त्यांच्या पाच हजारांहून अधिक फिती जपल्या गेल्या, म्हणून 2018 मध्ये त्यांचा संग्रह सर्वांसाठी महाजालावर खुला करता आला. माझ्या पहिल्या सहा वर्षांच्या फिती मात्र जागा करायची म्हणून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या अभिनेत्यांचा आवाज त्यांतच गेला. प्रत्येक फाइलला तारीख, पाहुण्याचे पूर्ण नाव आणि विषय द्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यांतली एक जागा घराबाहेरची असू द्या.